पिसांच्या दुलईची कुळकथा

रोमन साम्राज्याच्या उत्तर सरहद्दीवर, जर्मानियाच्या कडाक्याच्या थंडीत ठाणी राखण्यासाठी नेमलेल्या साहाय्यक पलटणींचे अंमलदार पहाऱ्याचे काम वाऱ्यावर सोडून आपल्या तुकड्याच्या तुकड्या पांढरे कलहंस धरण्यास पाठवितात आणि त्यापायी वरिष्ठांचा ठपका ओढवून घेतात, अशी हकीकत थोरल्या प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या निसर्गविषयक बृहद्ग्रंथाच्या दहाव्या खंडात नमूद करून ठेविली आहे. या पक्ष्यांच्या मऊ पिसांना पौंडामागे पाच देनारियस असा भाव येत असे, आणि हल्ली पुरुषांच्या मानांनाही या पिसांवाचून चैन पडेनासे झाले आहे, असा शेरा मारावयास तो ग्रंथकार चुकलेला नाही. आज उन्हाळी भटकंतीसाठी जेमतेम चारशे ग्रॅम वजनाची पिसांची दुलई खरेदी करू पाहणारा आणि दुकानोदुकानी तिच्या आकड्यांची चौकशी करीत हिंडणारा जो शौकीन, त्याच्या कुळाचा इतका जुना लेखी दाखला उपलब्ध असावा, ही गोष्ट त्याला बहुधा ठाऊक नसते.

ज्याला व्यापारात ‘डाऊन’ म्हणतात ते उडण्याच्या कामी येणारे पीस नव्हे. पाणपक्ष्याच्या छातीवर, वरच्या पिसांच्या आड, मधला ताठ दांडा नसलेली आणि एका केंद्रापासून सर्व दिशांना अतिसूक्ष्म तंतू पसरलेली जी लव असते, ती ही. हे तंतू आपल्यामध्ये हवा कोंडून धरतात, आणि कोंडलेली हवा हलेनाशी झाली म्हणजे अंगाची ऊब बाहेर जाण्याची वाट बंद होते. वजन जवळजवळ नाही आणि ऊब मात्र भरपूर, असा हा व्यवहार असल्यामुळे उत्तरेकडील शीत प्रदेशांत या लवेची किंमत फार पूर्वीच ओळखली गेली.

तिच्यातही अव्वल प्रत आइसलंडच्या किनाऱ्यावरील आयडर बदकाची. या जातीची मादी अंडी घालण्याच्या सुमारास स्वतःच्या छातीची लव उपटून घरट्यात अंथरते, आणि किनाऱ्यावरचे शेतकरी ती लव घरट्यातून उचलून तिच्या जागी वाळके गवत घालतात. या मोबदल्यात ते कोल्ह्यांपासून व शिकारी पक्ष्यांपासून त्या बदकांची राखण करतात, त्यांच्यासाठी आडोसे उभारतात, निशाणे लावतात. पक्षी रानटीच राहतो, पण वर्षानुवर्षे त्याच वाडीत परत येतो. १८४७ साली तेथे या पक्ष्याची शिकार कायद्याने बंद करण्यात आली. एक किलो लवेसाठी सुमारे साठ घरटी लागतात आणि साऱ्या देशाचे वर्षाचे उत्पन्न तीन हजार किलोंच्या आसपास असते; तेव्हा तिचा भाव ऐकून सामान्य माणसाने तोंडात बोटे घालावी, यात नवल नाही. मनुष्य आणि पशुपक्षी यांच्यातील बहुतेक करार एकतर्फी असतात. हा मात्र दोन्ही पक्षांनी निष्ठेने पाळलेला दिसतो.

जर्मनी आणि उत्तर युरोपात पिसांचे पांघरूण घरोघर रूढ असता इंग्लंडला मात्र ते पटावयास फार काळ लागला. सतराव्या शतकाच्या अखेरीस हॅम्बुर्ग येथे इंग्रज सरकारचा वकील म्हणून राहिलेल्या सर पॉल रायकॉट याने, ज्याने पूर्वी तुर्की दौलतीचा वृत्तांत लिहून नाव मिळविले होते, आपल्या देशातील स्नेह्यांना लवेच्या पिशव्या पाठविल्या आणि सोबत अशी सूचना दिली की, पांघरूण मोठमोठ्या चौकटी पाडून, आतली भर उंच राहील अशा बेताने शिवावे, एरवी ते उबदार होणार नाही. सूचना पूर्णपणे शास्त्रशुद्ध होती, आणि आजच्या निर्मात्यांनाही तिच्यात भर घालण्याजोगे फारसे काही सापडलेले नाही. परंतु स्नेह्यांनी ती मनावर घेतली नाही. पुढे १७४९ साली टॉमस न्यूजंट या प्रवासलेखकाने वेस्टफालियातील लोक पिसांच्या दोन गाद्यांच्या मध्ये झोपतात हे एखाद्या चमत्कारासारखे नोंदविले. सामान्य इंग्रज घरात ही दुलई शिरली ती १९६४ नंतर, टेरेन्स कॉनरन यांच्या ‘हॅबिटॅट’ दुकानामार्फत. आणि तीही बिछाना आवरण्याचे श्रम वाचतात या सबबीवर.

घरातले हे पांघरूण रानात नेण्याचा विचार मनुष्याला सुचला तेव्हा त्याने प्रथम त्याची पिशवी केली. १८६१ साली फ्रान्सिस फॉक्स टकेट या इंग्रज गिर्यारोहकाने आल्प्समध्ये अशी पिशवी वापरून पाहिली. वर घोंगडीचे कापड आणि खाली रबर चढविलेले, असा तिचा थाट होता. १८७६ साली वेल्समधील न्यूटाऊनच्या प्राइस जोन्स या फ्लॅनेलच्या व्यापाऱ्याने उशी जोडलेल्या लोकरी पिशवीचा स्वामित्व-हक्क घेतला, आणि रशियन सैन्याने तिची ६० हजारांची मागणी नोंदविली. पण १८७७ च्या डिसेंबरात रशियाने तुर्कांच्या प्लेव्हना शहराला घातलेला वेढा संपला, मागणी रद्द झाली आणि उरलेला माल व्यापाऱ्याच्या गळ्यात पडला. त्याच्या पुढल्याच वर्षी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा कादंबरीकार फ्रान्समधील सेव्हेन डोंगरात पायी फिरावयास निघाला तेव्हा त्याने बाहेरून हिरवे मेणकापड व आतून निळी लोकर अशी पिशवी खास शिवून घेतली, आणि ती इतकी अवजड झाली की तिच्यासाठी त्याला एक गाढवी विकत घ्यावी लागली. त्या गाढवीने त्याचा जो छळ केला तो मराठी वाचकांपैकी इंग्रजी प्रवासवर्णनांच्या चाहत्यांना ठाऊक आहेच. परंतु आपल्या कुळकथेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, शिपायाच्या आणि गिर्यारोहकाच्या गरजेतून जन्मलेली ही बंदिस्त पिशवी म्हणजेच रानातील निजेची एकमेव रीत, असा समज येथून पुढे शंभर वर्षे दृढ झाला.

पिसांना डोंगरावर मानाचे स्थान मिळवून देणारा पुरुष म्हणजे जॉर्ज इंगल फिंच, आणि त्याचा आपल्या मुलखाशी आलेला संबंध विस्मरणात जाऊ नये म्हणून येथे थोडे थांबणे उचित होईल. न्यू साउथ वेल्समध्ये १८८८ साली जन्मलेला, स्वित्झर्लंडमध्ये शिकलेला आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात रसायनशास्त्र शिकविणारा हा गृहस्थ १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सामील झाला तेव्हा त्याने स्वतःसाठी एक आगळाच पोशाख करविला होता: विमानी फुग्यांसाठी विणतात ते दाट विणीचे हलके कापड आणि त्याच्या आत आयडरची लव. लोकरी कोट व ट्वीडच्या विजारी घातलेल्या त्याच्या सहकाऱ्यांनी प्रथम या फुगीर अंगरख्याची थट्टा केली, आणि वारा सुटल्यावर त्याचा हेवा केला. वारा आत येणार नाही आणि लव बाहेर पडणार नाही, ही दोन्ही कामे एकाच कापडाकडून करवून घेण्यात रसायनज्ञाची नजर दिसते. त्याच पोशाखात आणि प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन २७ मे १९२२ रोजी तो सहकारी जेफ्री ब्रूससह सुमारे २७,३०० फुटांपर्यंत, म्हणजे तोवर कोणीही गेले नव्हते इतक्या उंचीवर पोचला. तथापि मोहिमेच्या कारभाऱ्यांशी त्याचे बिनसले आणि १९२४ च्या मोहिमेतून त्याला वगळण्यात आले. हाच फिंच १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. १९५३ च्या मे महिन्यात तेनसिंग व हिलरी पिसांचे कपडे अंगावर आणि प्राणवायू पाठीवर घेऊन शिखरावर उभे राहिले, तेव्हा या दोन्ही गोष्टींचा जुना कैवारी पाषाण रस्त्यावरील कचेरीत सरकारी प्रयोगशाळेचा कारभार पाहत होता.

१९३६ साली सिअ‍ॅटलच्या एडी बाउअर या क्रीडासाहित्याच्या दुकानदाराने ‘स्कायलाइनर’ हे पिसांचे जाकीट विक्रीस काढले आणि १९४० मध्ये त्याचा स्वामित्व-हक्क मिळविला. भर एका जागी गोळा होऊ नये म्हणून त्याने चौकटी शिवल्या, ज्या रायकॉटने अडीचशे वर्षांपूर्वी सुचविल्या होत्या. त्याच दशकात पिएर आलाँ या फ्रेंच गिर्यारोहकाने कंबरेपर्यंतच पोचणारी पिसांची अर्धी पिशवी वापरली. वरच्या अंगाला जाकीट असताना पिशवीचा वरचा भाग कशाला वाहावयाचा, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर त्यातच होते, पण त्याचा पुरता अर्थ काढावयास आणखी अर्धे शतक जावे लागले.

तो अर्थ काढला रे जार्डिन या अमेरिकनाने. अंतराळयानांच्या कारखान्यात अभियंता म्हणून काम केलेला, कड्याच्या भेगांत आपोआप रुतून बसणाऱ्या ‘फ्रेंड’ या साधनाचा हा जनक, पत्नी जेनीसह १९८७ पासून सुमारे ४,२०० किलोमीटरची पॅसिफिक क्रेस्ट वाट पुनःपुन्हा चालत गेला, आणि दरवेळी ओझ्यातून काही ना काही कमी करीत गेला. १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत त्याने स्लीपिंग बॅगवर जो आक्षेप घेतला तो ऐकावयास सोपा पण मोडावयास कठीण आहे: अंगाखाली गेलेली भर शरीराच्या भाराने चेपली जाते, चेपलेल्या भरीत हवा राहत नाही, आणि हवा नाही तेथे ऊब नाही, मग खालची बाजू वाहून नेण्यात अर्थ काय? खालच्या थंडीचा बंदोबस्त मॅटने करावा आणि वरून दुलई पांघरावी. जेनीने तशी दुलई शिवलीही. गंमत अशी की तिच्यात पिसे नव्हती. ओलाव्यात पिसे गोळा होतात म्हणून जार्डिनने कृत्रिम तंतू पसंत केले होते. पिसे आणि पाठ कापलेली दुलई यांचा विवाह लावला तो त्याच्या मागून आलेल्या अमेरिकेतील लहानलहान कारागिरांनी. तात्पर्य, शंभर वर्षे पिशवीत शिरून झोपल्यावर मनुष्य पुन्हा पांघरूण घेऊ लागला, आणि ही नवीन युक्ती आहे असे मानू लागला!

आता निवडीविषयी. दुकानदार सर्वांत मोठ्याने जो आकडा सांगतो तो म्हणजे ‘फिल पॉवर’: एक औंस लव नळकांड्यात घालून तिच्यावर ठराविक भाराची चकती ठेविली असता ती किती घन इंच जागा व्यापते, त्याचे हे माप. ६०० सामान्य, ८०० उत्तम, ९०० च्या पुढे चैन. परंतु हा आकडा लवेची प्रत सांगतो, दुलईची ऊब सांगत नाही. त्यासाठी आत लव किती ग्रॅम आहे हे विचारले पाहिजे, आणि जो विक्रेता ते सांगत नाही त्याच्याकडून माल घेऊ नये. तपमानाच्या आकड्यावरही फार विसंबू नये: स्लीपिंग बॅगची कसोटी पुतळ्यावर घेण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, दुलईच्या बाबतीत मात्र तो आकडा बहुधा निर्मात्याची स्वतःची अजमावणी असते. कडक थंडीच्या दुलईत वरच्या व खालच्या कापडांमध्ये पडदे शिवून कप्पे करतात; ऊन दिवसांच्या दुलईत दोन्ही कापडे थेट एकमेकांस शिवलेली असली तरी चालते, कारण शिवणीच्या रेषेवर जी थोडी गारठी पट्टी राहते ती सौम्य रात्री बाधत नाही आणि पडद्यांचे वजन वाचते. पायाकडची बाजू दोरीने आवळता येणारी आणि पुरी उघडता येणारी असावी. रुंदीत मात्र काटकसर करू नये. कुशीवर वळताना कडेने वारा शिरला तर उत्तमोत्तम लवही निरुपयोगी ठरते.

पिसांचा एक प्रश्न आपल्या समाजात टाळता येणार नाही. भटकंतीच्या दुलईतील लव आयडरची नसते. ती बहुतांशी मांसासाठी पाळलेल्या बदकांची व कलहंसांची असते, आणि जिवंत पक्ष्याची पिसे उपटण्याचे क्रौर्य या धंद्यात घडलेले आहे. २०१४ पासून ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ नावाची तपासणी अस्तित्वात आहे. तिची खूण पाहून घ्यावी. ज्यांना तीही पुरेशी वाटत नाही त्यांनी कृत्रिम भरीची दुलई घ्यावी. वजन थोडे वाढेल.

राहता राहिला आपल्या डोंगरांचा हिशेब. अमेरिकन निर्माता ज्या रात्रीला उन्हाळी म्हणतो ती दहा अंशांची रात्र आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर डिसेंबर-जानेवारीत येते. सह्याद्रीच्या खऱ्या उन्हाळ्यात सुती चादर पुरते, आणि जून ते सप्टेंबर या काळात गुहेतल्या दमट हवेत पिसांची फुगवट टिकत नाही. म्हणून ज्याला एकच दुलई घ्यावयाची आहे त्याने दहा अंशांसाठी केलेली, ८०० च्या आसपासच्या प्रतीची दोन-अडीचशे ग्रॅम लव असलेली, साध्या शिवणीची दुलई घ्यावी, ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी गडावर वापरावी, आणि पावसाळ्यात घरी मोठ्या सुती पिशवीत सैल भरून ठेवावी.