सर्वांची तिजोरी आणि एकाचा विवेक



आजचा विषय वैद्यकाचा, आणि मी हमालांच्या युनियनचा कार्यकर्ता. शाळा दहावीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. पेशींच्या शास्त्राविषयी अधिकाराने बोलण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु सर्वांच्या पैशातून काय करावे आणि काय करू नये, हा वाद मी तीस वर्षे ऐकत आलो आहे.

आमच्या कचेरीत एके वर्षी सत्यनारायण घातला. हिशेब वाचताना एक म्हातारा हमाल उठला आणि म्हणाला, "माझ्या वर्गणीतून हे नको." सभेत गलका झाला, पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पुढच्या वर्षी ज्यांना हवे त्यांनी निराळी वर्गणी काढली. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातही हीच दृष्टी होती. राजकीय कामाचा निधी वेगळा ठेवावा, त्यात पैसे घालण्याची सक्ती नसावी आणि न घालणाऱ्याचे हक्क कमी होऊ नयेत, असे तो कायदा सांगत असे.

अमेरिकेत हाच वाद मानवी भ्रूणावरून झाला.

आरंभ एका लाजिरवाण्या प्रकरणापासून केला पाहिजे. अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांवर एक अभ्यास चालविला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी त्यांना उपचार दिले नाहीत. हे उघडकीस आल्यावर १९७४ मध्ये संशोधनाचा राष्ट्रीय कायदा झाला. माणसावर प्रयोग करताना त्याची संमती घ्यावी, प्रयोग आधी समितीने तपासावा, असे नियम बसविण्यात आले. परंतु हे नियम मुख्यतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनाला लागू होते. म्हणजे सरकारचा पैसा जिथे जाईल, तिथे सरकारची तपासणीही जाईल. एवढे ध्यानात ठेवा.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. अमेरिकेत अशा संशोधनाला अनुदान हवे तर एका नीतिसल्लागार मंडळाचे मत घेण्याचा नियम १९७५ पासूनच होता. मंडळाने १९७९ मध्ये काही मर्यादा घालून अनुकूल मत दिले. पुढच्याच वर्षी मंडळाची मुदत संपली आणि नवे मंडळ नेमलेच गेले नाही. बंदीचा कायदा झाला नाही. ज्या टेबलावरून फाइल जायची, ते टेबलच उचलले! किमान वेतनाच्या समित्या कशा रखडतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. १९९३ मध्ये कायद्यानेच ती अट काढून टाकीपर्यंत तेरा वर्षे अशीच गेली. तोवर टेस्ट ट्यूब बेबीचे दवाखाने खासगी पैशावर वाढतच होते.

मग प्रतिनिधीगृहाचे दोन सभासद, अर्कान्सासचे जे डिकी आणि मिसिसिपीचे रॉजर विकर, पुढे आले. आरोग्य खात्याच्या खर्चमंजुरीला त्यांनी एक अट जोडली आणि जानेवारी १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने ती अमलात आली. संशोधनासाठी मानवी भ्रूण निर्माण करणे, अथवा ज्यात भ्रूण नष्ट होतो असे संशोधन करणे, यांसाठी हा पैसा वापरता येणार नाही, असे ती अट सांगते. हे काम गुन्हा आहे असे ती म्हणत नाही. पुढे दरवर्षीच्या खर्चाला ती जोडली जात आली.

अटीच्या कैवाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. भ्रूण हा पहिल्या दिवसापासून माणूसच, असे ज्याला मनापासून वाटते, त्याच्या करातून तो का मोडावा? टस्कीगीच्या माणसांनाही शास्त्रासाठीच वापरले होते. आमचा म्हातारा हमाल दुसरे काय म्हणत होता?

परंतु परिणाम काय झाला? १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी, म्हणजे शरीरातील कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, वेगळ्या काढल्या. सरकारी उपकरणाचा स्पर्श नको म्हणून त्यांनी निराळी प्रयोगशाळा थाटली. जेरॉन नावाच्या कंपनीने त्यांना पैसा दिला आणि काही पेशीप्रकारांच्या व्यापारी उपयोगाचे हक्क मिळविले. काम थांबले नाही. ते सार्वजनिक छपराखालून निघून खासगी छपराखाली गेले.

पुढे शब्दांचा कीस सुरू झाला. मूलपेशी म्हणजे भ्रूण नव्हे, म्हणून त्यांवरील संशोधनाला अटीची आडकाठी नाही, असे १९९९ मध्ये आरोग्य खात्याच्या वकिलांनी ठरविले. २००१ मध्ये अध्यक्ष बुश यांनी आधीच तयार असलेल्या पेशींपुरते अनुदान दिले. २००९ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी ती मर्यादा काढली. ऑगस्ट २०१० मध्ये एका न्यायाधीशाने सारे अनुदान रोखले, आणि वरच्या न्यायालयाने एप्रिल २०११ मध्ये तो हुकूम रद्द केला. अटीतील क्रियापद वर्तमानकाळी आहे, सबब पूर्वी मोडलेल्या भ्रूणाला ती लागू होत नाही, हा त्यातला एक मुद्दा! करारातील एका शब्दावर वर्षानुवर्षे भांडणाऱ्या आम्हा लोकांना यात नवल वाटत नाही.

न्याय्यपणे हेही सांगितले पाहिजे की, जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये भ्रूणाशिवाय, माणसाच्या कातडीच्या पेशींपासून तशाच पेशी बनविल्या. परंतु त्या पारखण्यासाठी भ्रूणाच्या मूलपेशीच मापदंड म्हणून लागल्या.

आमचा एक सहकारी पोत्यांच्या थप्पीवरून पडला. कणा मोडला, पाय गेले. त्याची बायको मला विचारते, "अमेरिकेत काही निघालं का हो, दादा?" तिला काय सांगू? कणा मोडलेल्यांवर या पेशींचा पहिला प्रयोग जेरॉनने २०१० मध्ये सुरू केला आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, पैशाचे कारण देऊन तो सोडला. कोणत्याही न्यायालयाने तो थांबविला नव्हता. कंपनीच्या हिशेबात तो बसला नाही, इतकेच. पुढे ते काम उचलले ते कॅलिफोर्नियाच्या निधीने. २००४ मध्ये तिथल्या मतदारांनी उघड मतदान करून मूलपेशींसाठी ३०० कोटी डॉलर उभे करण्यास मान्यता दिली होती.

विवेकाला तिजोरीच्या दाराशी उभे राहण्याचा अधिकार आहे, हे मी मान्य करतो. परंतु म्हाताऱ्याच्या "नको"मुळे आमचा सत्यनारायण कोणाच्या पैशाने होतो, हे सर्वांना दिसू लागले. त्या अटीने उलट केले: पैसा बाहेर गेला, त्याच्यामागून तपासणीही गेली, आणि भ्रूण हा माणूस आहे की नाही हा मूळ प्रश्न दरवर्षी खर्चाच्या कागदांत गुंडाळून पुढे ढकलला गेला. ज्याला हे पाप वाटते त्याने ते सभेत उभे राहून सांगावे, ज्याला वाटत नाही त्यानेही सांगावे, आणि ठराव इतिवृत्तात लिहावा. त्या बाईला निदान एवढे कळले पाहिजे की, तिच्या नवऱ्याच्या बाबतीत "नको" कोणी म्हटले आणि कशासाठी.