पांगुळगाडा, बाबागाडी आणि तीन चाकांची भूमिती

लहान मुलांच्या दोन गाड्यांसाठी मराठीत दोन वेगळी नावे आहेत. पहिली पांगुळगाडा आणि दुसरी बाबागाडी. दोन्ही गाड्यांना चाके आहेत, पण त्यांचे काम एकमेकांच्या उलट आहे. पांगुळगाडा मूल ढकलते आणि चालायला शिकते. बाबागाडीत मूल बसते आणि मोठी माणसे ती ढकलतात. 'बाबा' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. इंग्रजी अमलात साहेबांच्या घरच्या आया आणि नोकर मुलांना 'बाबा' म्हणत. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात 'बाबा लोग' हा प्रयोग नोंदवलेला आहे. आपल्याकडच्या सर्वसामान्य घरांत मात्र मूल कडेवर, खांद्यावर किंवा झोळीत वाढले.

आता चित्र बदलते आहे. गोवंडीसारख्या उपनगरातही आई-वडील बाबागाडीच्या शोधात दिसतात. घर लहान, जिना अरुंद, लोकलचा प्रवास नित्याचा. म्हणून घडी होणारी, आटोपशीर, पुढे एकच चाक असलेली गाडी त्यांना आवडते. ती घ्यावी की नाही, घेतल्यास कशी पारखावी? याचे उत्तर जाहिरातीत शोधण्यापेक्षा या गाडीच्या इतिहासात आणि शाळेतल्या यांत्रिकीत शोधणे जास्त उपयोगाचे ठरते.

पांगुळगाड्याची भूमिती

सुतार पांगुळगाडा करतो तेव्हा तो तीनच चाके लावतो. दोन चाके मुलाच्या बाजूला आणि एक पुढे. मुलाने धरायचा आडवा दांडा साधारणपणे मागच्या दोन चाकांच्या वरच येतो. मूल आपला तोल दांड्यावर टाकते तेव्हा तो भार जवळजवळ सरळ चाकांच्या आसावर पडतो, त्यामुळे गाडा सहसा मागे उलटत नाही. लाकडी आसावर लाकडी चाक फिरताना बरेच घर्षण होते, त्यामुळे गाडा मुलाच्या हातून सुसाट पळतही नाही. एरवी दोष मानले जाणारे घर्षण येथे ब्रेकचे काम करते.

चौथे चाक का नाही, हे वर्गातल्या तिपाईवरून सांगता येईल. एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते. म्हणून शेणाने सारवलेल्या उंचसखल अंगणातही तीन चाके एकाच वेळी जमिनीला टेकतात. चार पायांचे टेबल अशा जागी डुगडुगते, तिपाई डुगडुगत नाही.

युरोपातही अशी साधने जुनी आहेत. सुमारे १४४० च्या 'कॅथरिन ऑफ क्लीव्ह्ज' हिच्या प्रार्थनाग्रंथातील एका चित्रात बाळ येशू चाकांच्या चौकटीत चालताना दिसतो. रेम्ब्रांटच्या १६४६ च्या सुमाराच्या एका कोरीव चित्रातही चालायला शिकणारे मूल आणि त्याचा गाडा आहे. विसाव्या शतकात याच कल्पनेतून मुलाला मध्ये बसवणारा गोल 'वॉकर' लोकप्रिय झाला. पण पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते, तर वॉकरमध्ये ते लोंबकळते आणि पायांच्या टोकांनी जमीन रेटते. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉकर वापरणारी मुले बसायला, रांगायला आणि चालायला उशिरा शिकल्याचे आढळले. जिन्यावरून पडण्याचे अपघातही वाढले. कॅनडाने २००४ साली वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली.

बकरीकडून माणसाच्या हाती

बसून फिरण्याच्या गाडीचा इतिहास वेगळा आहे. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या इंग्रज वास्तुरचनाकाराने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी केली. ती बकरीने किंवा लहानशा तट्टाने ओढायची होती. पुढची शंभर वर्षे मुलांच्या गाड्या बहुधा ओढल्याच जात. यात एक अडचण होती. ओढणाऱ्याची पाठ मुलाकडे असते, त्यामुळे मूल काय करते आहे ते त्याला दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा क्रम बदलला. चार्ल्स बर्टन याने मागून ढकलायची गाडी पुढे आणली. त्याचे पेटंट १८५३ चे आहे. त्या काळच्या अशा गाड्यांना तीन चाके असत. १८८९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने मुलाचे तोंड ढकलणाऱ्याकडे फिरवता येईल अशा गाडीचे पेटंट घेतले. चाके स्वतंत्रपणे फिरतील अशी योजनाही त्यात होती, त्यामुळे गाडी थोड्या जागेत वळू लागली.

तीन चाके: फायदा आणि तोटा

गाडी वळताना आतले चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे चाक मोठ्या वर्तुळावर चालते. पुढे दोन चाके असली तर दोन्ही वेगवेगळ्या कोनांतून वळवावी लागतात. पुढे एकच चाक ठेवले की हा प्रश्नच उरत नाही. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या पहिल्या मोटारीला तीन चाके ठेवण्याचे कारण हेच. चार चाकांची वळण्याची व्यवस्था त्याने १८९३ मध्ये साधली. इटलीतील पियाजिओ कंपनीने १९४८ मध्ये काढलेले तीनचाकी वाहनही याच घाटाचे होते. १९६० च्या सुमारास बजाजने पियाजिओच्या सहकार्याने पुण्यात तशी वाहने बनवायला सुरुवात केली आणि आपली ऑटोरिक्षा अवतरली. गोवंडी स्थानकाबाहेर गर्दीत जागच्या जागी वळणारी रिक्षा आणि तीनचाकी बाबागाडी यांचे तत्त्व एकच आहे.

पण वळणे सोपे झाले की किंमतही मोजावी लागते. कोणतीही गाडी उभी राहते ती तिच्या आधारक्षेत्रावर. चार चाकांचे आधारक्षेत्र आयत असते, तीन चाकांचे त्रिकोण. एक उदाहरण घेऊ. मागच्या चाकांमधील अंतर ५६ सेंटिमीटर, मागच्या आसापासून पुढच्या चाकापर्यंतचे अंतर ७० सेंटिमीटर आणि मुलासह गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या २० सेंटिमीटर पुढे, जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंचीवर आहे असे समजा. चारचाकी गाडीत गुरुत्वमध्यापासून बाजूची कड २८ सेंटिमीटरवर असते. त्रिकोण पुढे निमुळता होत जातो, म्हणून तीनचाकीत ती २० सेंटिमीटरवरच येते. बाजूच्या उतारावर चारचाकी सुमारे २९ अंशांना कलंडेल, तीनचाकी सुमारे २२ अंशांना. आता मूल काहीतरी पाहायला पुढे वाकले आणि गुरुत्वमध्य ३५ सेंटिमीटरवर गेला, तर कड १४ सेंटिमीटरवर येते आणि कलंडण्याचा कोन १६ अंशांच्या आत उतरतो. मुलाला पट्ट्यांनी नीट बांधण्याचे एक कारण या आकड्यात आहे.

मागे कलंडण्याचे गणित तरफेचे आहे. मागचा आस हा टेकू. मूल १२ किलोचे आणि गाडी ८ किलोची धरली तर एकूण २० किलो भार टेकूच्या २० सेंटिमीटर पुढे आहे, गुणाकार ४००. दांडा टेकूच्या ३० सेंटिमीटर मागे असेल, तर त्याला सुमारे १३ किलोची पिशवी अडकवेपर्यंत गाडी उभी राहील. पण मूल उचलून घेतले की पुढे फक्त ८ किलोची गाडी उरते. तिचा गुरुत्वमध्य २५ सेंटिमीटर पुढे धरला तर गुणाकार २००, आणि सात किलोची भाजीची पिशवीही ती उलटी पाडते. म्हणून ओझे दांड्यावर न टांगता आसनाखालच्या जाळीत ठेवावे. पांगुळगाड्याचा दांडा चाकांच्या वर असतो, बाबागाडीचा चाकांच्या मागे. दोघांच्या स्वभावातला फरक इथून येतो.

छत्रीची घडी आणि सायकलची चाके

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाबागाडी वजनदारच राहिली. ओवेन मॅक्लॅरेन या इंग्रज अभियंत्याने स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या घडी होणाऱ्या चाकांच्या यंत्रणेवर काम केले होते. निवृत्तीनंतर, परदेशातून आलेल्या आपल्या मुलीची अवजड बाबागाडीमुळे होणारी तारांबळ त्याने पाहिली. त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, सुमारे तीन किलोची गाडी तयार केली आणि १९६५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. विमानात शिकलेली विद्या बाळाच्या कामी आली.

घडी म्हणजे बिजागरी, आणि बिजागरीत बोट सापडू शकते. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेन कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीवर बसवायची आवरणे द्यावी लागली. मुलांच्या बोटांची टोके तुटण्याच्या १२ घटना तेथे नोंदल्या गेल्या होत्या.

आजच्या तीनचाकी गाडीचा दुसरा पूर्वज धावणाऱ्या माणसाने घडवला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील फिल बेक्लर हा पत्रकार होता आणि त्याला धावण्याचा छंद होता. १९८० मध्ये त्याने मुलाच्या गाडीला सायकलची मोठी चाके लावली आणि १९८४ मध्ये अशा गाड्यांचा व्यवसाय सुरू केला. शहरी वापरासाठी पुढे या घाटात घुमते चाक आले. घुमत्या चाकाचा आस त्याच्या उभ्या खिळीच्या थोडा मागे असतो, म्हणून चाक आपोआप खिळीच्या मागोमाग येते. वेग वाढला की तेच चाक थरथरू लागते. म्हणून धावताना ते अडकवून ठेवण्याची सोय लागते. पुढचे एकच चाक निखळले तर सावरायला दुसरे नसते, हेही विसरू नये. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ब्रिटॅक्स कंपनीच्या तीनचाकी गाड्यांच्या झटपट निघणाऱ्या पुढच्या चाकाविरुद्ध कारवाई सुरू केली, ती याच कारणाने.

गोवंडीच्या रस्त्यावर

ही सारी माणसे ज्या रस्त्यांचा विचार करत होती ते रस्ते गोवंडीचे नव्हते. येथे फरशी उचकटलेली असते, गटाराचे झाकण वर आलेले असते, पदपथ मध्येच संपतो. तीन सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चाक चढवायला किती जोर लागेल? साडेसात सेंटिमीटर त्रिज्येच्या लहान चाकाला त्याच्यावरील भाराच्या १.३३ पट आडवे बल लागते. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला ०.७५ पट. म्हणजे आटोपशीर गाडीची लहान चाके सपाट फरशीवर गोड वाटतात आणि येथे अडतात. आणखी एक गोष्ट रिक्षावाले अनुभवाने जाणतात. चारचाकी वाहन दोन माग पाडते आणि खड्डा दोन चाकांच्या मधून काढता येतो. तीनचाकीचे माग तीन, त्यामुळे खड्डा चुकवणे अवघड.

घराचाही विचार हवा. शिवाजीनगर वसवताना दिलेले भूखंड १० फूट बाय १५ फूट आकाराचे होते. अशा घरात गाडी मिटल्यावर किती जागा अडवते आणि ती एका हाताने मिटते का, हे रंगापेक्षा महत्त्वाचे. दुसऱ्या हातात मूल असते.

सर्वांत गंभीर प्रश्न हवेचा आहे. बाबागाडीतल्या मुलाचे नाक जमिनीपासून साधारण ५५ ते ८५ सेंटिमीटरवर असते आणि वाहनांच्या धुराची नळकांडीही त्याच पातळीच्या आसपास. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले, की रस्त्याकाठी गाडीतील बाळाला मोठ्या माणसापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषण सोसावे लागू शकते. १९२७ पासूनच्या देवनार कचराभूमीच्या शेजारात आणि अवजड वाहनांच्या वाटेवर राहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यासारख्या ठिकाणी मूल कडेवर घेणे हीच चांगली सोय. तिथे आजीची रीत शास्त्रालाही पटणारी आहे.

मग गाडी घ्यावी का? जवळ बाग, वसाहतीतला रस्ता किंवा मोकळे आवार असेल तर जरूर घ्यावी. मागच्या चाकांमधील अंतर रुंद, आसन फार उंच नाही, पाच टोकांचा पट्टा, दोन्ही मागच्या चाकांना ब्रेक, झाकलेल्या बिजागऱ्या आणि पुढचे चाक घट्ट बसलेले, एवढे पाहावे. मूल बसवून, दुकानाच्या उंबऱ्यावरून ढकलून पाहावे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार लहान मुलाला एका वेळी एका तासापेक्षा जास्त गाडीत जखडून ठेवू नये. गाडी आली म्हणून पांगुळगाडा मोडीत काढण्याचे कारण नाही.

आणि निवडीचा एक भाग दुकानात होत नाही. १५ सेंटिमीटर उंचीच्या पदपथावर चाकांची खुर्ची चढायची तर १:१२ या प्रमाणाने १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. सार्वजनिक जागा त्यांना वापरता याव्यात ही त्यातील अपेक्षा आहे. त्यांच्यासाठी केलेला उतार बाबागाडीलाही चालतो आणि गुडघे दुखणाऱ्या आजीलाही. शिक्षकांनी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना मोजपट्टी देऊन शाळेपासून स्थानकापर्यंतच्या पदपथांची उंची मोजायला सांगावे, प्रत्येक ठिकाणी १५ आणि ३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकांना किती बल लागेल ते काढायला सांगावे. तयार झालेला तक्ता प्रभागाच्या कार्यालयात द्यावा. तरफ, गुरुत्वमध्य आणि त्रिकोणाचा धडा तेवढ्यात पुरा होईल, आणि तक्त्यातील एखादा उतार प्रत्यक्षात आला तर गोवंडीतल्या अनेक मुलांना त्याचा उपयोग होईल.