स्विचबोर्ड : एक शब्द आणि फळ्यामागच्या स्त्रिया

१/ मराठी घरात ‘स्विचबोर्ड’ म्हटले की दिव्यापंख्याच्या बटणांचा भिंतीवरचा फळा डोळ्यांसमोर येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन माणसाला मात्र या शब्दाने दूरध्वनी केंद्रातील छिद्रांचा उंच फळा आठवे, आणि त्यापुढे ओळीने बसलेल्या तरुणी.

२/ इंग्रजीत ‘स्विच’ म्हणजे मुळात लवचिक छडी. रेल्वेत तो शब्द गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यासाठी रुळला. तारायंत्रात विद्युत्प्रवाहाची वाट बदलणाऱ्या साधनाला तेच नाव मिळाले. म्हणजे टेलिफोनच्या आधीच तारकचेऱ्यांत स्विचबोर्ड होते.

३/ २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे जॉर्ज कॉय यांनी पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू केले. ग्राहक अवघे २१. घोडागाडीचे बोल्ट, चहाच्या किटलीच्या झाकणांच्या मुठी आणि स्त्रियांच्या घेरदार पोशाखातील तारा जोडून फळा तयार झाला होता. एका वेळी दोनच संभाषणे चालत! चार वर्षांनी, १८८२ मध्ये, कोलकाता, मुंबई आणि मद्रासलाही एक्स्चेंजे आली.

४/ प्रारंभी या फळ्यांवर तारकचेऱ्यांतली पोरे बसत. ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलत, मस्करी करत. म्हणून १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट यांची नेमणूक झाली; जगातील पहिली स्त्री ऑपरेटर ती हीच. पुढे हे काम जवळजवळ स्त्रियांचेच झाले. दोर उचलायचा, पिन छिद्रात बसवायची, दोन आवाज जोडायचे. (इलेक्ट्रिक गिटारची पाव इंची पिन याच फळ्याचा वारसा आहे.)

५/ पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील अमेरिकन सैन्याला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही जाणणाऱ्या ऑपरेटरांची निकड भासली. सेनापती पर्शिंग यांनी स्त्रियांना पाचारण केले. हजारोंनी अर्ज केले. २२३ जणी समुद्रापार गेल्या. सैनिक त्यांना ‘हॅलो गर्ल्स’ म्हणत. गणवेश, शपथ, लष्करी शिस्त, सारे काही होते. ग्रेस बँकर यांच्या नेतृत्वाखालील तुकडी आघाडीच्या जवळ राहून म्यूज-आर्गोनच्या लढाईचे आदेश जोडून देत होती. ऑक्टोबर १९१८ मध्ये तळावरील इमारतींना आग लागली, तरी सक्त आदेश मिळेपर्यंत त्या फळ्यापुढून उठल्या नाहीत.

६/ मायदेशी परतल्यावर त्यांना सांगण्यात आले, की तुम्ही सैनिक नव्हताच, केवळ नागरी कर्मचारी होता. निवृत्त सैनिकांच्या सवलती नाकारल्या गेल्या. शपथ घ्यायला लावणाऱ्या सैन्याचा हा युक्तिवाद निव्वळ निर्लज्जपणाचा होता. मर्ल ईगन अँडरसन यांनी त्याविरुद्ध अनेक दशके झुंज दिली.

७/ अखेर १९७७ मध्ये कायद्याने त्यांना सैनिक मानले. त्या वेळी हयात उरलेल्या मोजक्याच होत्या. ग्रेस बँकर १९६० मध्येच निवर्तल्या होत्या.