माहुलीचे न्यायाधीश आणि सांगलीचे नाटककार

खुनाची नवी कादंबरी वाचकांपुढे ठेवताना लेखक एक पथ्य कटाक्षाने पाळतो. तो प्रेत दाखवितो, संशयितांची ओळख करून देतो, चार धागेदोरेही हाती देतो. पण खुनी कोण, हे मात्र शेवटच्या प्रकरणापर्यंत सांगत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांसाठी मराठी वाचकांनी रात्री जागविल्या, त्या या गुपितापायीच. परंतु सांगलीत जन्मलेल्या एका लेखकाने १९०९ साली खुनाची अशी कथा रंगभूमीवर आणली, की तिच्यातील अपराधी कोण हे पडदा वर जाण्यापूर्वीच प्रेक्षकांना ठाऊक होते. ते नाटक ‘भाऊबंदकी’ आणि लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. गुपितच उरले नव्हते, तर मग नाटकात राहिले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला कृष्णेच्या प्रवाहाविरुद्ध सांगलीहून साताऱ्याकडे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुलीस जावे लागेल. नाटकातील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे तेथलेच.

मूळ घटना सर्वांच्या परिचयाची आहे. दिनांक ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, तुंबलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले. अवघ्या अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे जीव वाचविण्यासाठी चुलत्याच्या, रघुनाथरावाच्या, गळ्यात जाऊन पडले. चाफाजी टिळेकर या सेवकाने धन्यावर आपले अंग घातले. दोघेही मारले गेले. सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार ही नावे कोणापासून लपलेली नव्हती. तलवार कोणाच्या हातात होती हे अवघ्या पुण्याला माहीत होते. ती कोणाच्या हुकुमाने उपसली गेली, हे मोठ्याने म्हणण्याची छाती मात्र कोणास होत नव्हती. कारण ज्याच्यावर संशय, त्याच्याकडेच आता राज्य आले होते, आणि साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रेही त्यालाच मिळाली.

रामशास्त्र्यांनी अशा वेळी चौकशी चालविली. कटात लहानमोठी सुमारे पन्नास माणसे गुंतल्याचे त्यांना आढळले, आणि दोषाचा माग थेट रघुनाथरावापर्यंत पोहोचला. या पातकाला प्रायश्चित्त काय, असे त्याने विचारले तेव्हा देहान्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे शास्त्रीबोवांनी सांगितले व पुणे सोडले, अशी हकीकत ग्रँट डफने नमूद केली आहे.

हा ग्रँट डफ १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. रामशास्त्र्यांनी आपले उरलेले आयुष्य वाईजवळच्या एका खेड्यात घालविले, असे तो लिहितो. परंतु ते खरे नाही. बारभाईंनी रघुनाथरावास दूर केल्यावर शास्त्रीबोवा पुन्हा न्यायासनावर बसले आणि १७८९ साली निवर्तले.

‘ध’ चा ‘मा’ झाल्याची गोष्टही याच ग्रंथात आहे. रघुनाथरावाने ‘धरावे’ असे लिहिले, त्याचे कोणी ‘मारावे’ केले, आणि ते आनंदीबाईने केले असा लोकांचा समज होता, असे डफ सांगतो. समज म्हणून नोंदलेली ही गोष्ट पुढे निकाल होऊन बसली. ज्या कागदावर हे अक्षर फिरविले म्हणतात, तो कागद संशोधकांच्या हाती लागलेला नाही. असे असता एका अक्षराच्या जोरावर खुनाचा भार रघुनाथरावाच्या माथ्यावरून उतरून त्याच्या पत्नीच्या माथी गेला. आजही घरोघर ‘ध चा मा’ ही म्हण चालते आणि बोट आनंदीबाईकडे जाते. रहस्यकथेत नेहमी असे होते, की ज्याच्यावर सर्वांचा संशय तो निर्दोष ठरतो. येथे लोकांनी उलटा न्याय केला. न्यायाधीशाने ज्याला दोषी धरले त्याला आपण अर्धे माफ केले आणि पुराव्यावाचून दुसऱ्याच व्यक्तीस शिक्षा सांगितली.

खाडिलकरांनीही आनंदीबाई महत्त्वाकांक्षी आणि कारस्थानी रंगविली, हे खरे. नाटककाराला ते स्वातंत्र्य असते. पण त्यांच्या नाटकाचा कणा ती नव्हे. तो रामशास्त्री आहे. ‘खून कोणी केला’ हा प्रश्न संपला, तरी ‘हा माणूस ते बोलून दाखवील काय’ हा प्रश्न उरतो, आणि प्रेक्षक श्वास रोखून बसतो तो यासाठी. काळही तसाच होता. १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली होती. टिळक १९०८ पासून बंदिवासात होते. खाडिलकरांच्याच ‘कीचकवधा’वर १९१० साली सरकारने बंदी घातली. सत्तेपुढे खरे बोलणारा न्यायाधीश त्या प्रेक्षकांना केवळ इतिहासातील पुरुष वाटला नसेल, हे उघड आहे.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की खुनाची कथा हलकी म्हणून तिच्याकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र तिची कसोटी लेखकाने अपराधी किती वेळ लपविला ही नव्हे. पुरावा जिथवर नेतो तिथवर तो गेला काय, आणि जेथे पुरावा संपला तेथे थांबला काय, ही आहे. रामशास्त्री सिंहासनापर्यंत गेले, कारण पुरावा तेथवर जात होता. न सापडलेल्या कागदावर निकाल देणारे आपण मात्र अजून थांबायला शिकलेलो नाही. आनंदीबाईचा खटला, निदान आपल्या मनांत तरी, पुन्हा चालवावयास हवा.