गढूळ पाण्यातले प्रवाळ

कर्जतजवळच्या भिवपुरीला सह्याद्रीचे पाणी दोन वाटांनी उतरते. एक वाट डोंगराइतकीच जुनी, ओढ्यांची. दुसरी १९२२ सालची. घाटमाथ्यावरची आंध्रा नदी मूळची पूर्ववाहिनी. इंद्रायणी, भीमा आणि कृष्णा यांच्या सोबतीने तिचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळावयाचे. टाटांनी ते ठोकरवाडीला अडविले आणि विजेसाठी नळांतून भिवपुरीला उतरविले. तेव्हापासून ते उल्हास नदीतून पश्चिम समुद्राची वाट चालते.

पावसाळ्यात उल्हासेचे पाणी मातकट होते. कोकणातल्या सगळ्याच नद्यांची ही तऱ्हा. डोंगराची माती खाडीत उतरते आणि किनाऱ्याचे पाणी महिनोन्महिने गढूळ राहते. अशा पाण्यातही प्रवाळ संसार करतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

दिवाळीत दागिन्यांच्या डब्यातून बाहेर येणारे तांबडे पोवळे हे या प्रवाळांचे दूरचे भावंड. ते भूमध्य समुद्रातले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात पोवळ्यांचे नाव आहे. आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ अलंकाराच्या उपयोगाचे नव्हेत. हे चिमुकले प्राणी एकत्र राहून चुन्याचे घर बांधतात. त्यांपैकी बहुतेकांच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असते. प्रवाळाने आसरा द्यावा आणि शैवालाने उन्हावर अन्न शिजवावे, असा हा करार. प्रवाळाचा रंगही बराचसा या बिऱ्हाडकरूचाच.

पाणी ऐन उन्हाळ्यातल्यापेक्षाही अंशभर अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा करार मोडतो. शैवाल निघून जाते आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी वेळेवर निवले तर शैवाल पुन्हा घर भरते. निवले नाही तर त्याची उपासमार होते.

परंतु हा आघात सर्वांना सारखा बसत नाही. ॲक्रोपोरा नावाचे प्रवाळ हरणाच्या शिंगांसारखे फांद्या फोडतात, वर्षाला दहा-दहा सेंटिमीटर वाढतात आणि दिसतातही देखणे. पण उष्णतेने तेच आधी जातात. पोराइट्स हे धोंड्यासारखे, ओबडधोबड. वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढायचे. त्यांचे मांस जाड, गाठीला साठाही अधिक. म्हणून ते तग धरतात. १९९८ साली जगभर समुद्र तापला, तेव्हा लक्षद्वीपमध्ये हेच घडले. २०१० आणि २०१६ साली पुन्हा तसाच ताप आला. तेथे वर्षानुवर्षे पाहणी करणाऱ्या शास्त्रज्ञांना एक विलक्षण गोष्ट आढळली: पुढच्या प्रत्येक तापात मरणाऱ्यांचे प्रमाण घटले, पण सावरण्याचा वेगही मंदावला. नाजूक होते ते आधीच गेले. उरले ते चिवट, पण सावकाश वाढणारे. मरणारे कमी झाले म्हणून समाधान मानणाऱ्याने हा हिशेबही पाहावा.

कोकणात ही निवड फार पूर्वीच झाली असावी. ती केली मुख्यतः गाळाने. अंगावर बसलेली माती चिकट स्रावाने झटकून टाकणारे, मंद उजेडात भागवून घेणारे प्रवाळच येथे टिकले. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले. त्याच्या सभोवारच्या खडकांवर आज पोराइट्स, टर्बिनारिया, गोनियास्ट्रिया अशी सारी भक्कम बांध्याची मंडळी आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद १९७९ साली प्रसिद्ध केली, आणि १९८७ साली मालवणचा समुद्र अभयारण्य ठरला. उलट, विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरविणाऱ्या ‘आंग्रिया बँक’ या बुडालेल्या पठारावर नद्यांचा गाळ पोचत नाही. तेथे नितळ पाण्यात प्रवाळांचे मोठे वैभव आहे. मुंबईलाही प्रवाळ आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या काही वसाहती २०२० साली उचलून दुसरीकडे बसविण्यात आल्या.

धोंड्यासारख्या प्रवाळांचा आणखी एक गुण इतिहासप्रेमी वाचकांना आवडेल. झाडाच्या खोडाप्रमाणे त्यांच्या सांगाड्यातही वर्षावर्षाचे थर असतात. १९७२ साली शास्त्रज्ञांनी पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटाजवळच्या प्रवाळांत ते ताडून पाहिले. तेथे झालेल्या अणुस्फोटांच्या किरणोत्सर्गाच्या खुणा त्या थरांत उमटल्या होत्या आणि हिशेब जुळला. कोणते वर्ष सुखाचे गेले, कोणते तापाचे, याची ही रोजनिशी प्रवाळ स्वतःच लिहितो.

तेव्हा कोकणचा प्रवाळ चिवट आहे, हे खरे. गढूळ पाणी प्रखर ऊन अडविते, त्यामुळे तापलेल्या दिवसांत त्याला थोडा आसराच मिळतो, असेही काही अभ्यासक म्हणतात. पण चिवटपणा म्हणजे अमरपण नव्हे. मालवणच्या प्रवाळांवरही गेल्या दशकात पांढरेपणा आलाच. २०२४ साली जगात चौथ्यांदा अशी व्यापक साथ जाहीर झाली. दोन तापांमधली सवडच आखूड होत चालली, तर वर्षाला सेंटिमीटरभर वाढणाऱ्याने झीज भरून काढावी कधी? डोंगराची माती त्याने युगानुयुगे सोसली, कारण प्रत्येक पावसाळ्यानंतर त्याला निवळलेले आठ महिने मिळत. समुद्राच्या तापानंतरही त्याला अशीच उसंत हवी. आणि ती देणे वा न देणे आता माणसाच्या हाती आहे.