सदोष सस्पेन्शन : वाहन परत मागवता येते, बाजारातून बसविलेल्या सुट्या भागाचे काय?

चंडीगड : शिमला आणि कसौलीच्या घाटरस्त्यांवर जाणारे अनेक हौशी वाहनधारक मोटारीची उंची वाढविण्यासाठी किंवा जुना भाग बदलण्यासाठी बाजारातून स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर अथवा कंट्रोल आर्म विकत घेतात. चंडीगडमधील मनीमाजरा मोटार मार्केटसारख्या बाजारपेठांत असे भाग सहज मिळतात. मात्र त्यांपैकी एखादा सदोष निघाल्यास तो परत मागविण्याची व्यवस्था वाहनांइतकी भक्कम नाही.

धोका कोणता?

कंट्रोल आर्म चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडून ठेवतो. तो तुटल्यास चाकाची दिशा बिघडून गाडीवरील ताबा सुटू शकतो. शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाल्यास चाकाची रस्त्यावरील पकड कमी होते आणि ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. फोर्ड इंडियाने 2018 मध्ये मे ते जून 2017 या काळात चेन्नईतील कारखान्यात तयार झालेल्या 4,379 इकोस्पोर्ट मोटारी तपासणीसाठी बोलावल्या होत्या. त्यांच्या पुढील लोअर कंट्रोल आर्मचे वेल्डिंग ठरलेल्या निकषांनुसार नसण्याची शक्यता होती.

वाहनांसाठीची तरतूद

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ समाविष्ट झाले. चालक, प्रवासी, अन्य रस्ता वापरणारे किंवा पर्यावरण यांना अपाय होऊ शकेल असा दोष आढळल्यास केंद्र सरकार उत्पादकाला वाहने परत मागविण्याचा आदेश देऊ शकते. दोष एखाद्या घटकात असेल, तर तो घटक असलेली सर्व वाहने या आदेशाच्या कक्षेत येतात. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार ही व्यवस्था सात वर्षांपेक्षा कमी जुन्या वाहनांसाठी असून 10 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून वाहने परत मागविल्यास हा दंड होत नाही.

त्रुटी कोठे?

ही साखळी वाहन उत्पादक, चॅसी क्रमांक आणि नोंदणीकृत मालक यांवर उभी आहे. गॅरेजमध्ये बसविलेला भाग कोणत्या गाडीत गेला, याची नोंद तिच्यात नसते. त्यामुळे दोष उघड झाला, तरी ग्राहकापर्यंत सूचना पोहोचेलच असे नाही. अमेरिकेत मात्र बाजारात स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या सुट्या भागांच्या उत्पादकांनाही दोष कळविण्याचे आणि परत मागविण्याचे बंधन आहे.

भारतात सरकारने सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला, परंतु निकषांत न बसणारा भाग विकल्यास कलम 182-अ नुसार एक वर्षापर्यंत कारावास, प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या वाहनमालकालाही सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

ग्राहकापुढील मार्ग

अशा वेळी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 उपयोगी पडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत मागविण्याचा आणि किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकते. 2022 मध्ये निकृष्ट प्रेशर कुकरबाबत ई-वाणिज्य कंपन्यांना असे आदेश देण्यात आले होते. सदोष वस्तूमुळे हानी झाल्यास उत्पादक, विक्रेता अथवा सेवा देणाऱ्याकडून भरपाई मागता येते. मात्र हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरबदल झालेला असल्यास विक्रेत्याविरुद्ध असा दावा करता येत नाही.

तक्रारदार आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाऊ शकतो. त्यासाठी साधारणपणे दोन वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक 1915 आहे. उत्पादकाचे नाव, भागाचा आणि खेपेचा क्रमांक असलेले पक्के बिल, बसविल्याची पावती आणि निकामी झालेला भाग जपून ठेवणे आवश्यक ठरते. सदोष भाग आणि त्याचा विक्रेता यांना जोडणारा तोच प्रमुख पुरावा असतो.