तळटीप १४ : ‘एओएन’
१४. एओएन : ‘अ‍ॅक्सेप्टन्स ऑफ नेसेसिटी’, अमुक शस्त्र सैन्याला हवे आहे, याला सरकारने दिलेली तत्त्वतः मान्यता. ती संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण खरेदी परिषद देते. कारगिल युद्धानंतर, २००१ साली, ही परिषद स्थापन झाली. या मान्यतेलाच खरेदी समजण्याची चूक वृत्तपत्रांतही सर्रास होते. निविदा, चाचण्या, किमतीची बोलणी आणि मोठ्या रकमेसाठी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी, एवढे सगळे अजून उरलेले असते. उदाहरणार्थ, ‘अटॅग्ज’ ही १५५ मिलिमीटर तोफ पुण्याच्या पाषाणमधील ‘एआरडीई’ प्रयोगशाळेने खासगी कारखान्यांच्या साथीने २०१३पासून विकसित केली. १५० तोफांना २०१८मध्ये मान्यता मिळाली. पुढे संख्या वाढली, आणि ३०७ तोफांचा करार व्हायला मात्र मार्च २०२५ उजाडला.